लगामाचे दुसरे टोक

गेली एकवीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवीत आहे, आणि या एकवीस वर्षांत गाढवाविषयी एकही चांगला शब्द माझ्या तोंडून गेलेला नाही. यात माझा एकट्याचा दोष आहे असे मला वाटत नाही. भाषेनेच तशी सोय करून ठेवली आहे. गाढवाला गुळाची चव कळत नाही. गाढवापुढे गीता वाचली तर कालचा गोंधळ बरा म्हणायची पाळी येते. आणि साक्षात हरीला त्याचे पाय धरावे लागतात, पण तेही अडल्यावरच. शत्रूचे गाव उद्ध्वस्त करून त्यावर फिरवायचा तो नांगर गाढवाचा. शिलाहार-यादवांच्या काळात दिलेले दान कोणी मोडू नये म्हणून दगडावर शाप कोरीत, त्या दगडावरही गाढवच. गधेगळ म्हणतात त्या दगडांना. त्यावरच्या चित्राचे वर्णन घरोघरी वाचल्या जाणाऱ्या दिवाळी अंकात करण्याजोगे नाही. जिज्ञासूंनी एखाद्या वस्तुसंग्रहालयात जाऊन, मुलांना बाहेर बसवून, ते पाहावे.

घोड्याचे नशीब थोडे बरे. त्याला मैदान आहे, वरात आहे. तो वरातीच्या मागून येतो ही गोष्ट वेगळी. खेचराच्या वाट्याला एक विसोबा आले. नामदेवांच्या या गुरूंना ‘खेचर’ का म्हणत याच्या दोन उपपत्ती मी वर्गात सांगतो. ‘ख’ म्हणजे आकाश, त्यात संचार करणारा तो खेचर, अर्थात योगमार्गातला मोठा अधिकारी, ही एक. आणि आधी ज्ञानेश्वरांचा छळ करणारे विसोबा पुढे पश्चात्ताप होऊन आले, तेव्हा ‘खेचरा, दूर हो’ असे ज्ञानेश्वरच त्यांना म्हणाले, ही दुसरी. मुलांना नेहमी दुसरी आवडते. झेब्रा मात्र मराठीत नाहीच. त्याच्या नावाची म्हण नाही, वाक्प्रचार नाही. आमच्या लहानपणीच्या तक्त्यात ‘झ’सुद्धा झबल्याचा होता. रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांपुरता काय तो त्याचा आमच्याशी संबंध, आणि तेही पट्टे आम्ही पाळत नाही.

इतक्या तयारीनिशी मी गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी शहराबाहेरच्या एका घोडेस्वारीच्या शाळेत जाऊन उभा राहिलो. स्वारी अर्थातच मला करायची नव्हती. मनूला करायची होती.

मनू आमची धाकटी. वय वर्षे बारा. ती अडखळत बोलते. सगळ्याच शब्दांना नाही; काही अक्षरांशी तिचे वाकडे आहे. ख, झ, प ही त्यांतली मुख्य. आमच्या घराण्याचा विचार केला तर ही नियतीची थट्टाच म्हणायची. पणजोबा कीर्तनकार, आजोबा वकील, वडील शाळामास्तर आणि मी हा असा. चार पिढ्या केवळ बोलण्यावर जेवल्या, आणि पाचव्या पिढीला ‘खिडकी’ म्हणायला तीन श्वास लागतात. मी तिला मदत करीत असे. शब्द तिच्या ओठांवर अडला की मी तो हलकेच उचलून पुढे ठेवी. समोरच्याचे वाक्य पुरे करणे मराठीच्या प्राध्यापकाला काही जड नसते. मनू मान हलवी आणि गप्प होई. आपण मुलीच्या किती उपयोगी पडतो, असे मला वाटत असे.

आदल्या मे महिन्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी ती पहिल्यांदा घोड्यावर बसली. दहा मिनिटांचा फेरा. उतरल्यावर ती काही बोलली नाही, पण तेव्हापासून तिने वहीच्या समासांत घोडे काढायला सुरुवात केली, आणि दिवाळीला फटाक्यांऐवजी हे मागितले. आमची ही लगेच हो म्हणाली. मला भीती वाटत होती. पण बाराव्या वर्षी काहीही न मागणाऱ्या मुलीने एक गोष्ट मागितली, तर नाही कसे म्हणायचे?

शाळेत शिकवणारे गृहस्थ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, सातारा जिल्ह्यातले. उभी हयात सामान वाहणाऱ्या खेचरांच्या तुकडीत गेलेली. त्यांनी मनूसाठी राजा नावाचा तांबडा घोडा काढला. तो फार उंच होता. निदान मला तसा वाटला. मनू त्याच्या खांद्यापाशी उभी राहून वर पाहत होती. तिच्या मागे भिंतीवर एक जुनाट तक्ता टांगलेला होता: घोडा, गाढव, खेचर, झेब्रा, असे अश्वकुळ ओळीने उभे. मनू सुभेदारांकडे वळली आणि म्हणाली,

“मला झे... झे...”

“झेब्रा!” मी म्हणालो. “त्या तक्त्यातला. माणसं झेब्र्यावर का बसत नाहीत, असं तिला विचारायचंय.”

मनूने माझ्याकडे पाहिले, मग तक्त्याकडे पाहिले आणि मान हलवली. सुभेदारांनी कान खाजवला. “ते आपल्याला नाही सांगता यायचं, सर. आपलं घोडा, खेचर आणि गाढव, इतकंच.”

हा प्रश्न मी सोडणे शक्य नव्हते. मुलीने आपणहून काही विचारले होते. दुसऱ्याच दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथालयातून झेब्र्यावरचे जे मिळेल ते घरी आणले, आणि पुढे कित्येक रात्री जेवताना आमच्या घरी झेब्रा वाढला गेला.

सुरुवातच बादशाही निघाली. १६२१ साली जहांगीर बादशहाकडे एक झेब्रा आला. असले जनावर दरबारात कोणी पाहिलेले नव्हते. हे पट्टे रंगवलेले आहेत, अशी लोकांना शंका आली; तेव्हा बादशहाने नीट तपास करवला आणि मग ते जन्मजात असल्याची खात्री पटली. मन्सूर या त्याच्या चित्रकाराने त्या झेब्र्याचे चित्र काढले. ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. झेब्रा पुढे इराणच्या शाह अब्बासाला भेट म्हणून गेला. जवळजवळ चारशे वर्षांनी, २००९ साली, गाझामधल्या एका प्राणिसंग्रहालयाला खरा झेब्रा आणणे परवडेना, म्हणून त्यांनी दोन गाढवांवर पट्टे रंगवले आणि मुले खूश झाली. जहांगीराच्या दरबाऱ्यांची शंका अगदीच वेडगळ नव्हती. ती थोडी लवकर आली, इतकेच. यावर मनू हसली. ती हसताना कधीच अडखळत नाही.

मग प्रश्न पट्ट्यांचा. ते माशांसाठी आहेत, असे आता पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे माशा बसू नयेत म्हणून. २०१९ साली इंग्लंडमध्ये घोड्यांना पट्ट्यापट्ट्यांची झूल घालून पाहिले, तर चावऱ्या गोमाशा त्या झुलीवर फारच कमी उतरल्या. जवळ येत, पण उतरताना त्यांचा अंदाज चुके. आफ्रिकेत माशी ही काही साधी गोष्ट नव्हे. त्से-त्से माशीच्या चाव्याने होणाऱ्या रोगाने युरोपियनांचे घोडे तिथे पटापट मरत. इथला झेब्रा मात्र धडधाकट. मग त्यालाच गाडीला का जुंपू नये? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा विचार अनेकांच्या डोक्यात आला. झेब्रा जुंपून पाहिला. झेब्रा नर आणि घोडी यांची संतती काढून पाहिली. होरेस हेज नावाचा घोडे शिकवणारा कॅप्टन होता. त्याने आपल्या कलकत्त्यात एक झेब्रा स्वारीसाठी तयार केला आणि त्याची बायको त्याच्यावर बसली. म्हणजे मनूच्या प्रश्नाचे एक उत्तर असे की माणसे झेब्र्यावर बसलेली आहेत, आणि त्यांतली एक बाई हिंदुस्थानात बसली आहे.

पण बसणे वेगळे आणि जात माणसाळवणे वेगळे. एखादा झेब्रा शिकतो. झेब्र्यांचा कळप मात्र पिढ्यान्पिढ्या माणसाच्या दारात बांधून राहिलेला नाही. सिंह, तरस आणि खुद्द माणूस यांच्या शेजारात ज्याची लाखो वर्षे गेली, तो विश्वास टाकायला तयार होत नाही. तो फास येताना पाहतो आणि डोके बाजूला काढतो. लाथ मारतो ती नेम धरून. आणि चावला तर चटकन सोडत नाही. घोडा पळून जीव वाचवतो. झेब्राही पळतो, पण कोंडीत सापडला की लढतो. हे सगळे मी मनूला उत्साहाने सांगितले. एक वाक्य मात्र सांगितले नाही.

ते वाक्य वॉल्टर रॉथशिल्डविषयी होते. हा इंग्लंडमधला अतिश्रीमंत घराण्यातला मुलगा. त्याने प्राणिशास्त्राला वाहून घेतले, ट्रिंगला स्वतःचे प्रचंड संग्रहालय उभे केले, आणि झेब्रा माणसाळू शकतो हे दाखवायला १८९०च्या दशकात लंडनच्या रस्त्यांवरून झेब्रे जुंपलेली बग्गी हाकीत थेट राजवाड्यापर्यंत नेली. त्याची छायाचित्रे आहेत. त्या वर्णनातच लिहिले होते की हा सव्वासहा फुटी माणूस अतिशय लाजाळू होता आणि त्याच्या बोलण्यात दोष होता. मी बग्गीची गोष्ट रंगवून सांगितली आणि ते वाक्य वगळले. चार दिवसांनी पुस्तक परत करायला काढले, तर नेमक्या त्या पानात मनूच्या वहीचा एक कपटा खूण म्हणून ठेवलेला. त्यावर बग्गी काढली होती. झेब्रे सुरेख होते. हाकणाऱ्याला तोंड काढलेले नव्हते.

खेचराचे प्रकरण मला सुभेदारांमुळे कळले. घोड्याची गुणसूत्रे चौसष्ट, गाढवाची बासष्ट; गाढव बाप आणि घोडी आई यांचे खेचर त्रेसष्टांवर अडते, आणि विषम आकड्याची जोडी जमत नसल्यामुळे त्याला सहसा संतती होत नाही. हे पुस्तकातले. आमच्या पूर्वजांना आकडे ठाऊक नव्हते, पण अश्वतरीला गर्भ राहणे म्हणजे तिचे मरण, ही उपमा महाभारतात आहे. छांदोग्यात जानश्रुती राजा गाडीखाली बसलेल्या रैक्वाकडे ज्ञान मागायला जातो, तेव्हा भेट म्हणून नेतो तो रथ अश्वतरींचा, म्हणजे खेचरांचा. श्वेताश्वतर हे तर एका उपनिषदाचेच नाव. शब्दशः अर्थ पांढऱ्या खेचरांचा धनी. आणि त्याही आधी, सीरियात साडेचार हजार वर्षांपूर्वी राजेलोकांच्या रथांना कुंगा नावाचे जे मौल्यवान जनावर जुंपत, ते गाढवी आणि रानगाढव यांचे मिश्र अपत्य होते, असे २०२२ साली त्याच्या हाडांतल्या जनुकांवरून ठरले. माणसाने मुद्दाम घडवलेले सर्वांत जुने ठाऊक असलेले मिश्र जनावर हेच. हे मी सुभेदारांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “बरोबर आहे. खेचर म्हंजे राजाच्याच कामाचं जनावर.”

१९९९ साली ते कारगिलच्या बाजूला होते. रात्री, गोळाबार चुकवीत, दारूगोळा वर न्यायचा आणि जखमी खाली आणायचा. “घोडा जीव जाईस्तवर पळंल,” ते म्हणाले. “तुम्ही सांगितलं म्हणून. खेचर नाय. दमलं की थांबणार. पाय ठेवायची जागा पटली नाय की थांबणार. आम्ही नवीन होतो तवा ओढायचो. मग एकदा एक थांबलं, म्हणून आम्ही शिव्या देत थांबलो, आणि उजाडल्यावर बघतो तर पुढं वाटच नाही. खाली गेलेली.” त्यांच्या तुकड्यांत पेडोंगी नावाच्या खेचरीची गोष्ट रंगरुटांना सांगत. १९६२ साली सैन्यात आलेली, १९७१च्या युद्धात शत्रूच्या हाती सापडलेली. आणि ती पाठीवर त्यांचेच ओझे घेऊन आपल्या ठाण्यावर परत आली. तिला कोणी परत यायला शिकवले नव्हते. खेचराला काय शिकवायचे, असे मी विचारले तेव्हा सुभेदार म्हणाले, “कमी शिकवायचं. चुकीचं एकदा शिकवलं तर ते मरेपर्यंत चुकीचंच करतंय.” हे मी टिपून घेतले. आमच्या अभ्यासमंडळापुढे ठेवण्याजोगे वाटले.

पौष पौर्णिमेला सुभेदार जेजुरीला गाढवांच्या बाजाराला निघाले होते. मनूने हट्ट धरला, म्हणून आम्हीही गेलो. बाजार पूर्वीसारखा राहिलेला नाही, असे तिथे प्रत्येक जण सांगत होता, आणि ते खरेच असणार. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशातली गाढवे सव्वातीन लाखांच्या आसपासवरून सव्वा लाखाच्याही खाली आली, असे पशुगणना सांगते. माती, वीट, वाळू, सगळे आता ट्रॅक्टर वाहतो. तरी कुंभार, वैदू, कैकाडी, बेलदार मंडळी आली होती. दात पाहून ‘दुवान’, ‘चौवान’ असा वयाचा हिशेब चालू होता. काठेवाडी गाढवांना भाव होता. आमच्या समोरच एकाने गाढव विकत घेतले आणि तो ते घेऊन निघाला. वाटेत सांडपाण्याचा एक ओहोळ होता, हातभर रुंद. गाढव काठाशी आले आणि थांबले. आता दांडका पडणार, म्हणून मी मनूला दुसरीकडे वळवू लागलो. पण त्या म्हाताऱ्याने खाली बसून तंबाखू मळायला घेतली.

“अडलं का?” मी विचारले.

“अडलं न्हाई. बघतंय,” तो म्हणाला. “तळ दिसंना त्याला.”

घोडा हे गवताळ मैदानातले कळपाचे जनावर. भ्याला की आधी पळतो, विचार पुढच्या टेकडीवर करतो. गाढवाचे पूर्वज आफ्रिकेच्या ओसाड, खडकाळ मुलखात एकेकटे हिंडणारे. तिथे आंधळेपणाने पळाले तर पाय मोडायचा. म्हणून भ्यालेले गाढव जागच्या जागी थिजते आणि पाहते. सात हजार वर्षांपूर्वी, घोड्याच्या कितीतरी आधी, माणसाने त्याला जवळ केले, आणि सात हजार वर्षे त्याच्या या पाहण्याला आपण हट्ट म्हणत आलो. हे मला नंतर वाचून कळले. त्या दिवशी मी फक्त तंबाखू मळून होईपर्यंत उभा होतो. गाढवाने नाक पाण्याजवळ नेले, कान पुढे केले, मागे केले, एक पाय टाकला, आणि ओहोळ ओलांडून ते म्हाताऱ्याच्या आधी पलीकडे गेले. मनू त्याच्याकडे अशी पाहत होती, जशी ती माझ्याकडे कधी पाहत नाही.

फेब्रुवारीत अडचण सुरू झाली. मनू आता दुडक्या चालीवर नीट बसू लागली होती. खोगिरावर वर-खाली होण्याचा ताल तिला सापडला होता. टाच लावली आणि घोडा पुढे सरकला की त्याच क्षणी टाच सैल सोडायची, हे तिने आत्मसात केले होते. घोडा दाबाने शिकत नाही, दाब ज्या क्षणी सुटतो त्या क्षणाने शिकतो, हा सुभेदारांचा पहिला धडा. अंगावर बसलेली एक माशी ज्याला कळते, त्याला तुमची टाच कळणारच. सगळे ठीक होते. फक्त राजा फेऱ्यात एका ठिकाणी थांबे. रोज त्याच ठिकाणी. मी कुंपणाला टेकून उभा असे तिथे.

तिसऱ्या रविवारी सुभेदार माझ्याकडे आले. “सर, तुम्ही जरा त्या लिंबाखाली बसता का? पाठ करून.”

“का? राजा मला भितो?”

“राजाला तुमचं काय? ताई तुमच्याकडं बघती. ती जवळ आली की तुम्ही दात आवळता. मग तिच्या मुठी आवळतात. मूठ आवळली की लगाम ओढला जातोय. लगाम ओढल्यावर घोडा थांबायचा नाय तर काय करायचा?” मग, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, ते पुढे म्हणाले, “शहाणं जनावर आहे. सांगितलं तेच करतंय.”

मी लिंबाखाली पाठ करून बसलो. टापांचा आवाज फिरत राहिला. तो माझ्या जुन्या जागेपाशी येई तेव्हा मी श्वास धरी. आवाज थांबला नाही.

त्या रात्री मला बर्लिनचा हान्स आठवला. ही गोष्ट कधीकाळी मानसशास्त्राच्या एका सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये सांगितली होती. आता मी ती मुळातून वाचली. विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे निवृत्त गणित-शिक्षक. त्यांनी आपल्या हान्स नावाच्या घोड्याला बेरीज, भागाकार, दिनदर्शिका, सगळे शिकवले. प्रश्न विचारला की हान्स खूर आपटून उत्तर देई, आणि ते बरोबर असे. मास्तर परके असले तरी बरोबर असे. १९०४ साली तज्ज्ञांची समिती बसली. तिला कोणतीही लबाडी आढळली नाही, कारण लबाडी नव्हतीच. मग ऑस्कार फुंग्स्ट या तरुण अभ्यासकाने एक साधी गोष्ट केली. ज्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नाही, अशा माणसाला प्रश्न विचारायला लावले. हान्स चुकला. विचारणारा दिसेनासा केला. हान्स चुकला. प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत खुराकडे किंचित वाकतो आणि बरोबर आकडा आला की त्याची मान केसभर वर होते, एवढेच हान्स वाचीत होता. त्याला गणित येत नव्हते. माणूस येत होता.

या गोष्टीतला मला झोप लागू न देणारा भाग पुढचा आहे. हे सगळे शोधून काढल्यावर, आपली मान हलते हे पुरते कळल्यावर, फुंग्स्टने ती न हलवायचा प्रयत्न केला. त्याला ते जमेना.

एकवीस वर्षे मी तोंडी परीक्षा घेतो. मुलगा बोलता बोलता माझ्या चेहऱ्याकडे पाहतो, वाक्य मध्येच फिरवतो, आणि मी त्याला गुण देतो; ते कोणाच्या मराठीचे असतात, हा प्रश्न मला पडला नव्हता. पण परीक्षेचे सोडा. दुसऱ्या दिवशी जेवताना मनू म्हणाली, “आज शाळेत ख...” आणि मला स्वतःला जाणवले की माझी हनुवटी वर गेली आहे, भुवया उचलल्या आहेत, आणि माझ्या तोंडात ‘ख’ तयार आहे. मनू माझ्या तोंडाकडे पाहत होती. ती थांबली. बारा वर्षे ती त्याच जागी थांबत आली होती.

आमच्या हिला मी हे सांगितले. ती म्हणाली, “तुम्ही तिचा शब्द चघळता, हे मी लग्नातल्या पाहुण्यांकडूनसुद्धा ऐकलंय.” मला कोणी का सांगितले नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, “तुम्हाला वाक्य पुरं करू देता का कोणाला?”

म्हणून मी सुधारायचे ठरवले, आणि फुंग्स्टचे झाले तेच माझे झाले. ताटाकडे पाहायला लागलो तर मनूला वाटले, बाबा रागावले. डोळे मिटले तर आमची ही हसली. चष्मा काढून ठेवला; त्याने फक्त मला आमटी दिसेना. एकदा मी इतक्या निर्धाराने स्थिर बसलो की मनूनेच विचारले, “बाबा, तुम्हाला काही होतंय का?” आणि हे वाक्य तिने न अडखळता म्हटले, ही त्या सबंध महिन्यातली माझी कमाई. हळूहळू एवढे साधले की शब्द तिच्या ओठांवर असताना माझा हात लगामावरून निघे. चेहरा मात्र अजूनही पूर्णपणे ताब्यात नाही. ती अजून अडखळते. अडखळण्याचे काही होईल असे मला कोणी सांगितलेले नाही आणि मी ते विचारलेले नाही. मी लिंबाखाली बसतो.

गेल्या महिन्यात, पाऊस उघडल्यावरच्या एका रविवारी, आम्ही बसने घरी येत होतो. मनूच्या बुटांना तबेल्याचा वास येत होता. समोरच्या बाईंनी रुमाल नाकाला लावला होता. मनू खिडकीशी होती. ती बाहेर पाहतच म्हणाली,

“बाबा, त्या पहिल्या दिवशी मी झे... झे...”

मी कंडक्टरकडे पाहिले. कंडक्टर सुटे पैसे मोजीत होता. मीही त्याच्याबरोबर मनातल्या मनात मोजू लागलो. एक थांबा आला. दोन माणसे उतरली, एक चढला. बस सुटली.

“...झेब्रा म्हणणार नव्हते.”

“मग?”

पुन्हा तेच अक्षर. दुसरा थांबा आला.

“‘झेपेल का’, असं विचारायचं होतं. मला राजा झेपेल का?”

दहा महिने. जहांगीर, रॉथशिल्ड, त्से-त्से माशी, कलकत्त्याची ती बाई. “अगं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तुम्ही लगेच लायब्ररीत गेलात,” मनू म्हणाली. थोड्या वेळाने, बहुधा मला वाईट वाटू नये म्हणून, ती पुढे म्हणाली, “पण जहांगीरची गोष्ट चांगली होती.”

“मग सुभेदारांना विचारलंस की नाही कधी?”

“वि... विचारलं ना. तुम्ही लिंबाखाली होता तेव्हा.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, राजाला विचार.”